ट्रॉम्बोन तोच, गाणं नवं

चि. सई,


जुनी जमैकन गाणी वाजवायची की नाहीत, यावरून तुमच्या बँडमध्ये दोन तट पडलेत म्हणे. ‘दुसऱ्याचं गाणं म्हणजे नक्कल’ हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. का, ते सांगते.

गायक डँडी लिव्हिंगस्टन जमैकातल्या किंग्स्टनचा. पोरवयातच इंग्लंडला आला. १९६७ साली त्याने ‘रूडी, अ मेसेज टू यू’ गायलं. किंग्स्टनमधल्या वाया चाललेल्या पोरांना, ‘रूड बॉय’ना, वेळीच शहाणे व्हा असं सांगणारं हे गाणं. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’ने नाव किंचित फिरवून तेच पुन्हा काढलं. या बँडमध्ये गोरी आणि काळी पोरं एकत्र होती, आणि त्या वर्षांतल्या इंग्लंडात ही साधी गोष्ट नव्हती. डँडी मोठ्या भावासारखा समजावतो. स्पेशल्सचा गायक टेरी हॉल मात्र आवाजात जराही आर्जव न आणता, सपाट गातो. त्यामुळे तोच सल्ला अधिक झोंबतो.

आता सुरुवातीचा ट्रॉम्बोन नीट ऐक. दोन्ही रेकॉर्डमध्ये तो वाजवणारा माणूस एकच: रिको रॉड्रिग्ज. हवानात जन्मलेला, किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलमध्ये ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंडच्या हाताखाली शिकलेला, १९६१ पासून इंग्लंडात. स्पेशल्सना ती सुरावट दुसऱ्या कुणाकडूनही बसवून घेता आली असती. त्यांनी थेट त्यालाच बोलावलं! विशी-पंचविशीतली पोरं आणि पंचेचाळिशीचा रिको. मला या गाण्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

मूळ गाणंही नेहमी जमैकाचंच असतं असं नाही. जमैकन गायिका मिली स्मॉलचं १९६४ चं ‘माय बॉय लॉलिपॉप’ आधी, १९५६ मध्ये, अमेरिकेत बार्बी गे हिने गायलं होतं. मिलीसाठी त्याची बांधणी केली जमैकन गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिनने.

तेव्हा घ्या ही गाणी. फक्त आधी गिटार बसवा. ‘एक आणि दोन आणि’ असं मोजायचं आणि झटका ‘आणि’वर द्यायचा, तोही आखूड, नाद लगेच दाबायचा. तो लांबला की स्काची, म्हणजे या जमैकन तालाची, सगळी उडी जाते. आणि कार्यक्रमात मूळ गायकाचं नाव गाण्याआधी सांगा. ‘मंकी मॅन’ मात्र आधी टूट्स अँड द मेटल्सचं ऐका. स्पेशल्सनी तेही केलंय, पण टूट्सच्या आवाजातला जोर त्यांना गाठता आलेला नाही. तुमच्या गायिकेला झेपेल, असं मला वाटतं.

तुझी,
मावशी