चार इंचांची उन्नति

उंच होण्याची हौस मनुष्यास उपजतच असते. लहानपणीं तो भिंतीवरील खुणेस डोकें लावून पाहतो, तरुणपणीं उंच टांचांचे जोडे घालतो, आणि उतारवयांत, आपली स्वतःची वाढ आतां होणें नाहीं अशी खात्री पटल्यावर, निदान आपली मोटार तरी उंच करून घेतो. पहिल्या दोन अवस्था आमच्या हातून कशा पार पडल्या हें सांगण्यासारखें नाहीं. तिसरीचा वृत्तांत मात्र वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. त्यांत आमची फजिती आहे, थोडेंसें यंत्रशास्त्रहि आहे. परंतु ज्या गोष्टीसाठीं आम्ही हें लिहावयास बसलों ती आमच्या आईची आहे.

आमचें गांव रत्नागिरी जिल्ह्यांत. घरचीं आंब्याचीं कलमें गांवापासून मैलभर आंत, जांभ्याच्या सड्यावर आहेत. तेथून आंबा काढून आणण्यासाठीं वडिलांनीं १९९४ सालीं एक मालवाहू मोटार घेतली. तिला सारा गांव ‘पिकअप’ म्हणतो, म्हणून आम्हीहि तोच शब्द वापरतों. पुढें दोन माणसांपुरती जागा, मागें पेट्यांसाठीं उघडा हौदा, आणि चारी चाकांवर पाटे. वडिलांस जाऊन सहा वर्षें झालीं, गाडी राहिली.

पाटे म्हणजे काय हें शहरांतील वाचकांस सांगावयास हवें, कारण त्यांच्या हल्लींच्या मोटारींना बहुधा वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात. पोलादाच्या पट्ट्या धनुष्यासारख्या वांकवावयाच्या, मोठीखालीं लहान अशा उतरत्या क्रमानें रचावयाच्या आणि मध्यें एका बोल्टानें एकत्र आवळावयाच्या. त्यांतील प्रत्येक पट्टी म्हणजे एक पाटा. सर्वांत लांब पाट्याचीं दोन्ही टोंकें वळवून त्यांस डोळे केलेले असतात. एक डोळा गाडीच्या सांगाड्यास पक्का जोडलेला, आणि दुसरा ‘शॅकल’ नांवाच्या झुलत्या दुव्यास अडकविलेला. ओझें पडलें कीं कमान सपाट होते, सपाट होतांना लांबते, आणि त्या वाढत्या लांबीस हा दुवा झुलून वाट करून देतो. जितकें ओझें तितकें दबणें, हा स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. आणि घोड्याच्या गाडीस पोलादी कमानी लावण्याचें पेटंट ओबेडाया एलियट या इंग्रज कारागिरानें १८०४ सालीं घेतलें. आमच्याकडील बैलगाडीस कमान नसे. बसणाराचे मणकेच तें काम करीत. टांग्यास ती आली आणि मणक्यांस थोडी उसंत मिळाली. पाट्यांत आणखीहि एक गुण आहे. वांकतांना ते एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणांत धक्क्याचा कांहीं भाग जिरून जातो. हें आम्हीं एकदां आईस समजावून सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, “त्यांत नवल तें काय? चार जावांच्या घरांत दुसरें काय चालायचें?”

असो. बागेच्या वाटेवर एक पऱ्ह्या लागतो. त्याच्या पात्रांत अगदीं मधोमध जांभ्याचा एक दगड डोकें वर काढून बसलेला होता. वडील एक चाक पऱ्ह्याच्या कांठावर चढवून गाडी दगडाच्या बाजूनें काढीत. परंतु पुढें एका पावसाळ्यांत तो कांठच वाहून गेला, आणि त्या दगडावरूनच जाणें प्राप्त झालें. मागच्या आंसाच्या मध्यभागीं दांतेरी चाकांची जी गोल पेटी असते, जिला डिफरन्शियल म्हणतात, ती प्रत्येक खेपेस त्या दगडावर खटकन् आदळे. गाडी भरलेली असो वा रिकामी असो, ती सारखीच आदळे. हा इशारा होता. आम्हांस तो कळला नाहीं.

त्या वर्षीं शिमग्यास पुतण्या पुण्याहून आला. तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्यानें वांकून पाहिलें आणि निर्णय दिला, “काका, गाडी चार इंच उचलूं या. हल्लीं सगळे उचलतात.” सगळे करतात हें कारण आम्हीं आपल्या विद्यार्थिदशेंतहि पुष्कळदां दिलेलें असल्यामुळें त्याचें वजन आम्हांस ठाऊक होतें. तरीहि आम्ही भुललों. वडिलांची गाडी खचत चालली आहे, ही गोष्ट मनास लागून राहिली होती, आणि तिच्यावर कांहीं तरी उपाय केला असें वाटावें ही इच्छाहि होती.

एका शहरांतील कारखान्यांत आठ दिवसांत काम झालें. मागच्या बाजूस आंस आणि पाटे यांच्या मध्यें चार इंच जाडीचे लोखंडी ठोकळे बसविले आणि त्यांवर लांब यू-बोल्ट आवळले. पुढच्या आंसावर चाकें वळविण्याची जबाबदारी असल्यामुळें तेथें ठोकळे घालीत नाहींत. म्हणून पुढें प्रत्येक बाजूस एक जादा पाटा घातला आणि शॅकल लांब केले. शॅकल चार इंच लांब केला तर गाडी दोनच इंच उचलते, कारण पाट्यांचें एकच टोंक खालीं जातें आणि आंस तर मध्यावर असतो. आणि पांच पाट्यांत तितकाच लांब व जाड असा सहावा घातला तर स्प्रिंगेचा ताठपणा अदमासें एकपंचमांशानें वाढतो. हें गणित आम्हीं तेव्हां मोठ्या कौतुकानें ऐकलें. त्याचा अर्थ कमरेस मागाहून कळला.

गाडी गांवांत आली तेव्हां मुलें मागून धांवलीं. आंत बसलें असतां लोकांच्या गडग्यांपलीकडचें परडें दिसूं लागलें. आमची मानहि त्या दिवसांत चार इंच वर गेली असावी, कारण शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, आतां आम्ही काय दिसणार तुम्हांला?”

त्यांचें जाऊं द्या. जी रोज दिसत होती ती आईहि आम्हांस दिसली नाहीं. तिचें वय एक्याऐंशी. रक्तदाबासाठीं दर महिन्यास तिला तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावें लागे. एप्रिलांत नेहमींच्या दिवशीं ती नवें लुगडें नेसून, पिशवी घेऊन गाडीपाशीं आली. तिनें दांडा धरला, पाऊल उचललें; तें पायरीपर्यंत पोंचलें नाहीं. आम्हीं स्टूल आणिलें. ती स्टुलावर चढली, परंतु गुडघा तेथून पुढें वांकेना. ती खालीं उतरली आणि हसून म्हणाली, “राहूं दे रे आज. मला कांहीं एवढें होत नाहीं.” मे महिन्यांत तिनें आधींच सांगून टाकलें कीं आंब्याच्या गडबडींत तुम्हांला कशाला त्रास. आम्हांस तें सोयीचें वाटलें. सोयीचें वाटलें, हें येथें लिहून ठेवणें भाग आहे.

त्याच मे महिन्यांत आम्ही पेट्या भरून आंबा घाटानें कोल्हापुरास निघालों. हौदा गच्च भरलेला. एका वळणावर गाडी बाहेरच्या अंगास अशी कलली कीं आंतल्या बाजूचें मागचें चाक हलकें झाल्याचें बसल्या जागीं जाणवलें. गाडी कलंडण्याचें शास्त्र साधें आहे. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. येणारा आंकडा जितका लहान, तितकें वळण धोक्याचें. निमें अंतर पासष्ट सेंटिमीटर आणि उंची ऐंशी असेल तर तो आंकडा ०.८१ येतो, उंची दहा सेंटिमीटर वाढवा, तो ०.७२ वर उतरतो. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. त्यांतच आमच्या गाडीचे पुढचे शॅकल पाट्यांच्या पुढल्या टोंकास आहेत. ते लांब केल्यानें पुढचा आंस किंचित् फिरला, आणि वळण संपल्यावर चाकें आपोआप सरळ होण्यासाठीं त्याला जो मागें झुकाव दिलेला असतो तो कमी झाला. वळण संपलें तरी सुकाणूं सरळ होईना. तें दोन्ही हातांनीं ओढून आणावें लागलें. घाट चढून वर आल्यावर आम्ही गाडी थांबवून बराच वेळ रस्त्याच्या कडेस उभे होतों.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं बागेंत निघालों. पऱ्ह्या आला, दगड आला, आणि खटकन् आवाज झाला. तोच आवाज, त्याच ठिकाणीं. खालीं वांकून पाहिलें तों जुन्या खोंचेवर नवी लकाकी आलेली.

मग आम्ही तालुक्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलों. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्याच्याच हातची. पुतण्याच्या भरीस पडून आम्हीं त्याला विचारलेंहि नव्हतें. तो गाडीखालीं सरकला, पुष्कळ वेळानें बाहेर आला, आणि हात पुसत म्हणाला, “मास्तर, तुम्हीं गाडी उचललीत. आंस कुठें उचललात? आंस चाकावर बसलेला. चाक होतें तेवढेंच, मग आंस वर जाईल कसा? पाट्यांच्या वर होतें तें वर गेलें. पाट्यांच्या खालीं होतें तें होतें तिथेंच आहे.” आमची पदवी विज्ञानाची आहे, हें त्याला ठाऊक असूनहि तो कांहीं बोलला नाहीं.

त्यानें आणखी दाखविलें. ब्रेकची रबरी नळी ताणून बसली होती. पुढच्या उजव्या अंगाचा तिसरा पाटा मधल्या बोल्टापाशीं तडकला होता, आणि ती सबंध बाजू डावीपेक्षां दीड इंच खचलेली होती. “तुमचे अण्णा पंचवीस वर्षें बहुतेक एकटेच चालवीत,” तो म्हणाला. “वजन सदा त्याच अंगाला.” शेवटीं त्यानें कायद्याचीहि आठवण करून दिली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणींतील माहितीशीं व कारखानदाराच्या मूळ रचनेशीं विसंगत असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. “खचलेलें होतें तिथवर आणून देतों,” तो म्हणाला. “त्याच्या वर नको.”

ठोकळे निघाले, जादा पाटे निघाले, जुन्या मापाचे शॅकल बसले. पाटे सुटे करून, थंड पोलादावरच सारख्या अंतरानें हातोड्याचे घाव घालून त्यानें त्यांची कमान परत आणिली, तडकलेला बदलला, मध्यें ग्रीस भरून पुन्हां आवळले. पऱ्ह्यांतला दगड दोन गड्यांनीं पहारीनें पाव तासांत उलथून बाजूस केला. कारखान्याचें बिल किती झालें हें आम्ही येथें सांगत नाहीं; पहार घरचीच होती.

त्याच आठवड्यांत आईच्या फडताळांत कांहीं शोधतांना गोळ्यांची पट्टी हातीं लागली. एप्रिलांतच संपावयास हवी होती, तींत जूनमध्यें चार गोळ्या शिल्लक होत्या. विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “एक दिवसाआड घेत होत्यें. पुरवायला नकोत का?” तालुका बारा मैलांवर होता आणि मुलगा आठवड्यांतून दोनदां तेथें जात होता, परंतु गाडीवर चढवत नाहीं हें तिनें त्याला सांगितलें नव्हतें, कारण गाडी उंच झाल्याचा त्याला झालेला आनंद तिनें पाहिला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्हीं गाडी दारांत आणिली. आईनें दांडा धरला, पाऊल पायरीवर ठेविलें, आणि नेहमींप्रमाणें ‘श्रीराम’ म्हणून ती आंत बसली. बसल्यावर तिनें एकदां इकडे, एकदां तिकडे अंग हलवून पाहिलें.

“सरळ झाली रे गाडी,” ती म्हणाली. मग थोडें थांबून, “आतां ह्यांच्या बाजूला कलत नाहीं.”

यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. दवाखाना नऊला उघडतो. आम्हीं गाडी सुरू केली.