सांताक्रूझच्या जीनोम ब्राउझरास अनावृत पत्र

प्रिय जीनोम ब्राउझरा,

७ जुलै २००० रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने मानवी जीनोमचा जुळवलेला मसुदा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. तो मसुदा पडद्यावर वाचता यावा म्हणून तू घडलास; तुझी कुळकथा तिथूनच सुरू होते. जिम केंट तेव्हा तिथे विद्यार्थी होता. सेलेरा ही खासगी कंपनी आधी पोचली तर माणसाच्या जनुकांवर पेटंटांचे कुंपण पडेल, या धास्तीने त्याने महिनाभरात जीनोमचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम लिहून काढला. मनगटे दुखू लागली की तो बर्फ लावायचा आणि पुन्हा बसायचा. तुझ्या दारात आजही कुणाला नाव विचारले जात नाही, पैसे मागितले जात नाहीत. तुझ्या सगळ्या गुणांत हा मला मोठा वाटतो.

पुढे आमचे भाऊबंद तुझ्याकडे येत गेले. चिंपांझीचा जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला, मग ऱ्हीसस माकड, ओरांगउटान, गोरिला. तो पहिला चिंपांझी म्हणजे अटलांटाच्या येर्कीस केंद्रातला क्लिंट. २००४ मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी, हृदय निकामी होऊन तो गेला. स्वतःचा जीनोम छापून येण्याआधीच. तुझ्या माहितीपानावर त्याचे नाव आहे, ते कधी काढू नकोस.

त्याच्या आणि आमच्या जीनोममध्ये डीएनएच्या सुमारे ३.५ कोटी अक्षरांचा फरक निघाला, म्हणजे १.२३ टक्के. गळलेले आणि नव्याने घुसलेले तुकडे वेगळेच. ‘९९ टक्के सारखे’ हे वाक्य सगळीकडे फिरते आहे. मला ते अपुरे वाटते. टक्केवारी ऐकून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. तू मात्र नेमकी जागा दाखवतोस.

जीनोममधला एचएआर१ हा तुकडा घे. विसाव्या गुणसूत्रावरची जेमतेम ११८ अक्षरे. कोंबडी आणि चिंपांझी यांची वाट वेगळी होऊन सुमारे ३० कोटी वर्षे झाली, तरी दोघांच्या या तुकड्यात फरक फक्त २ अक्षरांचा. चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र १८! इतका काळ निसर्गाने ज्याला हात लावू दिला नाही, ते आमच्याच वाटेवर भराभर बदलले. संशोधक कॅथरीन पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे मांडले. गर्भातल्या मेंदूचे बाह्यक घडत असताना हा तुकडा तिथे सक्रिय असतो, हेही दाखवले. जुळणाऱ्या अक्षरांच्या जागी ठिपके मांडायची सोय तुझ्यात आहे. ती सुरू केली की प्राण्यांच्या ओळीच्या ओळी आपल्या अक्षरांखाली येतात आणि एरवी शब्दांत सांगायला अवघड असलेली गोष्ट डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या गुणसूत्राचेही तसेच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आमच्यात २३. दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक भिडून एक झाली. जो मजकूर गुणसूत्राच्या टोकालाच असायचा, तो तिथे मधोमध, समोरासमोर उलटा उभा आहे. काळाने झिजलेला, पण वाचता येण्याजोगा.

तू दाखवतोस ती उत्क्रांतीच. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळल्याचे उघड झाले, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी पत्र काढून विरोध केला. महाराष्ट्रात बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. पण तो पाठ करून परीक्षेत उतरवण्यापुरता उरला, तर वगळल्यासारखाच. तू इंग्रजीत बोलतोस, तुझा पडदा पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, हे खरे. म्हणून हे पत्र वाचणाऱ्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती: तो धडा शिकवाल त्या दिवशी वर्गात हा ब्राउझर उघडा, शोधपेटीत HAR1A (एचएआर१ ज्यात आहे ते जनुक) टाका, आणि कोंबडी, चिंपांझी व माणूस यांच्या ओळींतली वेगळी अक्षरे मुलांनाच मोजू द्या.

तुझा,
एक वाचक