जांभळापासून काठापर्यंत

आमची मळी कृष्णेच्या काठाला. मळी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे. पुराबरोबर गाळ येतो, पाणी ओसरलं की तो बसतो. असे थरावर थर बसून नदीच्या अंगाला जी जमीन तयार होते ती मळी. खत कमी घातलं तरी पिकणारी. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या अण्णांना वरचं रान गेलं आणि मला नदीकडचं दोन एकर आलं. लोक म्हणाले, धाकट्याचं नशीब. मलाही तसंच वाटलं.

मळीच्या टोकाला जांभूळ. माझ्या जन्माआधी आबांनी लावलेलं. मी पोर होतो तेव्हा जांभळाच्या नदीकडच्या अंगानं बैलगाडी वळसा घालून फिरायची. गाडी फिरून वर पुन्हा शेरडं बांधायला जागा राहायची. तिथनं पुढं काठ एकदम तुटलेला नव्हता. खाली एक टप्पा होता, त्यावर वाळुंज, निर्गुडी, करंज असं माजलेलं रान. त्यातनं पायवाट उतरून बायका धुण्याच्या दगडाकडं जायच्या. पावसाळ्यात पाणी चढलं की पहिल्यांदा त्या रानात शिरायचं. झुडपं आडवी व्हायची, पाण्याचा जोर मोडायचा. पाणी उतरलं की झुडपं गाळ झटकून परत उभी राहायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. ती नुसती झुडपं होती.

१९९७ साली लेकीचं लग्न ठरलं. त्या साली उसाचं बिल आधीच्या कर्जात गेलं होतं. वीटभट्टीवाला एकजण मातीसाठी फिरत होता. म्हणाला, "खालचा टप्पा तसा पडूनच हाय. माणूसभर माती काढतो, वरच्या रानाला हातबी लावत न्हाई." मी हो म्हणालो. ट्रॅक्टर उतरायला वाट पाहिजे म्हणून वाळुंज, निर्गुडी मुळासकट काढली. माणूसभर म्हणता म्हणता दोन माणसं खोल गेलं. खालची वाळूही गेली. पैसे मात्र रोख आले आणि लग्न चांगलं झालं.

आबा तेव्हा होते. रोज संध्याकाळी जांभळाखाली बसायचे. ट्रॅक्टरच्या खेपा चालल्या होत्या तेव्हा तिथंच बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "माती इकलीस, बरं झालं, पोरीचं काम झालं. आता काठ कुठनं इकत आणशील?" मी हसण्यावारी नेलं. २००१ साली आबा गेले.

२००५ चा पूर आला तेव्हा आम्ही घर सोडून शाळेत होतो. पाणी शेतात उभं होतं तोवर काठाला काही झालं नाही. पाणी उतरायला लागलं, लोक घरं धुवायला लागले, आणि तिसऱ्या रात्री मळीकडनं तोफ उडाल्यासारखा आवाज आला. सकाळी जाऊन बघतो तर उसाच्या चार सऱ्या नदीत. ऊस उभाच्या उभा, मातीच्या लादीसकट खाली बसलेला.

पूर चढताना काठ तुटत नाही, उतरताना तुटतो. ही गोष्ट मला पन्नाशीला आल्यावर कळली. पाणी उभं असतं तेव्हा माती भिजून जड होते, पण बाहेरून नदीचं पाणी तिला टेकू देत असतं. नदी झपाट्यानं उतरली की टेकू जातो. मातीच्या पोटातलं पाणी मात्र तेवढ्या लवकर निघत नाही. ओलं पोतं भिंतीला टेकवलंय आणि भिंतच काढून घेतली, असं होतं. त्यात खालचा टप्पा असेल तर तो पायरीसारखा आडवा येतो. आमचा टप्पा विटा होऊन कुणाच्या तरी घरात बसला होता.

त्या साली मी जांभळापासून काठापर्यंत पावलं मोजली. सतरा भरली. तेव्हापासून दर दिवाळीच्या आत मोजायचा नेम धरला.

मग उपाय सुरू झाले. पहिल्यांदा पडक्या घराचे दगड-विटा ट्रॉलीनं आणून काठावरनं खाली ढकलल्या. त्यातल्या अर्ध्या काठावरच राहिल्या आणि आधीच तुटायला आलेल्या कडेवर ओझं वाढलं. पुढच्याच पावसात ती कड ढिगासकट खाली गेली. मग कुणी सांगितलं, निलगिरी लावा, लवकर येते. लवकर आली खरी. पण उंच झाड काठावर, वारा लागला की हेलकावे खायचं आणि बुडाची जमीन हलवायचं. दोन झाडं वळवाच्या वाऱ्यात पडली, पडताना मुळात धरलेली गाडीभर माती घेऊन गेली. शेजारच्या भावकीतल्या एकानं सिमेंटची भिंत घातली. भिंत मजबूत होती, पण मागचं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली नव्हती. पाणी मागं तुंबलं आणि भिंतच पुढं सरकली.

आणखी एक चूक मी रोज करत होतो, ती ध्यानातच आली नाही. उसाचं पाटपाणी मी पार शेवटच्या सरीपर्यंत, म्हणजे काठापर्यंत देत होतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला काठाच्या बरोबरीनं भेग पडायची. पाणी त्या भेगेत शिरलं की गडप व्हायचं. मी म्हणायचो, जमीन लई पाणी पिते. जमीन पीत नव्हती, मीच तिच्यात पाचर ठोकत होतो.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्यावरनं आमच्या मळीवर किती पाणी असेल ते समजावं. नंतर मोजलं तर जांभळापासून काठ चार पावलं. झाड नदीकडं कललेलं. खालनं बघितलं की मुळ्या हवेत लोंबताना दिसायच्या. आणि त्याच्या बरोबर खाली धुण्याचा दगड. सकाळी आठला तिथं चार-पाच बायका असायच्या, सुट्टीच्या दिवशी पोरं पोहायला.

पोरगा म्हणाला, "दादा, हे झाड कुणाचा तरी जीव घेणार. पाडून टाकू." वखारवाला येऊन बघून गेला. बुंध्यासकट सगळं घेतो म्हणाला, जेसीबी त्याचाच. अण्णांच्या कानावर गेलं. ते काठी टेकत मळीत आले. "आबांचं झाड हाय ते. वाटणीत तुझ्याकडं आलं म्हणून तुझं झालं न्हाई." पोरगा म्हणाला, "झाड पडून माणूस मेलं तर मग काय म्हणायचं, आबांनी मारलं?" दोघंही बरोबर होते. मी मधी गप्प उभा. खरं बोलायचं तर बोलायला तोंड नव्हतं. झाड आपल्या पायानं काठाकडं गेलं नव्हतं, काठ मी त्याच्याकडं आणला होता.

जांभूळ तोडायला परवानगी लागते. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, फणसासारखं जांभूळही आहे. अर्ज केला. पाहणीला वनखात्याचे एकजण आले. चांगला जाणता माणूस. त्यांनी आधी वर बघितलंच नाही, खाली बघितलं. झाडाच्या मागच्या अंगाला, म्हणजे शेताकडं, जमीन फुगल्यासारखी उचलली होती. तिथं अर्धगोल भेग होती, बोट जाईल एवढी. "ही नवी हाय का जुनी?" म्हणून विचारलं. नवी होती. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं बुंधा ठोकत गेले. एका अंगाला टणक आवाज, नदीकडच्या अंगाला ढब ढब. बुडाला कानासारखी अळंबी उगवली होती, ती दाखवली. म्हणाले, आत कुजलंय.

नंतर जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "झाडाचं वजन धोक्याचं हाय, मुळ्या न्हाईत. वरचं उतरवा, खालचं ठेवा. बुंधा जेसीबीनं उपटलात तर पाच-दहा ब्रास माती सैल होईल आणि येत्या पावसात काठ तिथनंच तुटेल. जांभूळ बुडातनं फुटतं. मुळ्या जित्या राहतील."

मी अण्णांकडं गेलो. झाड पाडत नाही, हलकं करतोय म्हणालो. आणि त्याच बसणीत १९९७ चंही बोललो. त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण मी कधी तोंडानं कबूल केलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "लगीन माझ्याबी पुतणीचं होतं. मीबी जेवलोय त्यात."

फेब्रुवारी २०२० मध्ये काम केलं. धुण्याचा दगड आधी वरच्या अंगाला दुसरीकडं हलवला. गावात तशी दवंडी दिली. करवतवाला वर चढला, एकेक फांदी मोटेच्या जुन्या नाड्यानं शेताकडं ओढून धरायची आणि मग कापायची. एकही फांदी नदीकडं पडू दिली नाही. बुडातनं नाही कापलं, छातीएवढा बुंधा ठेवला. अण्णा खुर्ची टाकून दिवसभर बसले होते. संध्याकाळी आभाळ एकदम मोकळं दिसायला लागलं, ते कुणालाच बघवलं नाही. चहा न घेताच घरी गेले.

जाड लाकूड विकलं. बारक्या फांद्यांच्या जुड्या बांधून काठाच्या पायथ्याला आडव्या रचल्या, मेखा ठोकल्या. मधनं मधनं वाळुंजाच्या ओल्या काठ्या खोचल्या. वाळुंज नुसती काठी खोचली तरी जगतं, पाण्यात बुडालं तरी मरत नाही. उतारावर वाळा लावला. वाळ्याची मुळी सरळ खोल जाते, उंची मात्र झाडासारखी नाही, म्हणून वारा धरत नाही. वर करंज आणि कळकाची बेटं, तीही कडेपासून आत.

सगळ्यात जड गेलं ते काठाकडचं वीस फूट रान सोडणं. पावणेतीनशे फूट लांबी धरली तर पाच गुंठे होतात. गुंठ्याला टन धरला तर दरसाल पाच टन ऊस गेला. पोरगा हिशेब घालून दाखवायचा. मी म्हणायचो, हे पाच नाही दिलेस तर नदी दहा घेईल. त्या पट्ट्यात पाणी द्यायचं नाही, नांगर घालायचा नाही. पाटाचं तोंड फिरवून पावसाचं पाणी बांधानं ओढ्याकडं काढलं. उन्हाळ्यात भेगा पडल्या की त्या मातीनं बुजवून चोपायच्या. राहिलेल्या उसाला ठिबक केलं.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला. पाणी उतरायला लागल्यावर मी चार रात्री झोपलो नाही. कान मळीकडं. एकदा आवाज आला. सकाळी गेलो तर भावकीच्या अंगाला तुटलं होतं, आणि आमच्याही एका कोपऱ्यात. जांभळापाशी एक पाऊल गेलं. तीन राहिली. पायथ्याच्या जुड्यांतल्या काही वाहून गेल्या, पण ज्या टिकल्या त्यांच्यात वीतभर गाळ अडकला होता. त्या गाळातनं वाळुंजाचे कोंब वर आलेले.

हे जिंकलो म्हणून सांगत नाही. नदी एकदा वळणाच्या बाहेरच्या अंगाला लागली की तिला शेतकरी थांबवू शकत नाही. तिला जरा उशीर लावता येतो. टप्पा मी एका उन्हाळ्यात विकला, परत बसायला किती पूर लागतील ते मी बघायला नसेन. लेक सुखात आहे, तिच्या लग्नाचा पैसा वाया गेला असं मी कधी म्हणणार नाही. पण त्या टप्प्याची किंमत मी मातीच्या ब्रासवर धरली, काठाच्या हिशेबानं धरली नाही. कुणाकडं नदीच्या अंगाचा असा पडीक टप्पा असेल आणि ट्रॅक्टरवाला दारात उभा असेल, तर त्याच्यासाठी हे लिहिलं.

जांभळाचा बुंधा फुटलाय. सात-आठ फोक होते, त्यातले तीन ठेवले. बाकीचे दरसाल काढतो, म्हणजे डोकं जड होत नाही. गेल्या दिवाळीआधी नातवाला घेऊन मोजायला गेलो. त्यानं मोजली तर पाच भरली. मला आनंद झाला, मग ध्यानात आलं, त्याची पावलं लहान आहेत. मी मोजली. तीनच.