तिने मला कामाला लावलं

अ‍ॅडलेडला आल्यावर मला पहिलं काम दिलं ते शेजारच्या मावशीने. नवऱ्याची नोकरी सुरू झाली होती, माझे अर्ज नुसतेच जात होते. मदत करणारी माणसं पुष्कळ भेटली. कुणी जुनं फर्निचर दिलं, कुणी दुकानं दाखवली. माझी मदत मागणारी मात्र ही एकटीच. कुंपणापलीकडून हाक मारून म्हणाली, "तुझे हात मोकळे आहेत का गं? माझी बोटं आता चालत नाहीत आणि बाटल्यांना बुचं बसवायची राहिलीत."

नावानेच हाक मार, असा तिचा आग्रह होता. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणं मला काही जमेना. मी मावशी म्हणू लागले आणि तीही ओ देऊ लागली.

तिच्या धुण्याच्या खोलीत तोटीचा प्लास्टिकचा पिंप होता आणि त्यात तेवीस लिटर बिअर. आमच्या साताऱ्याच्या घरात दारूचा विषय निघाला तर तो कुणाचा तरी संसार बुडाल्याचाच असायचा. शिवाय महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली असा पिंप घरात असणं हा गुन्हाच. ऑस्ट्रेलियात गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या बिअरला मोकळीक दिली आणि आता तिचे डबे सुपरमार्केटात मिळतात. मी आईला फोनवर एवढंच सांगितलं, की शेजारणीला हाताशी जाते.

डबा १.७ किलोचा. आत काकवीसारखा दाट माल्टचा अर्क, त्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच उतरवलेला. झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी. डबा गरम पाण्यात ठेवून अर्क सैल करायचा, पिंपात ओतायचा, किलोभर साखर घालायची, गार पाण्याने तेवीस लिटर भरायचे, वर यीस्ट भुरभुरायचं. सोबतच्या कागदावर साधारण एवढंच असतं. मावशीची शिकवण सुरू व्हायची ती त्यानंतर.

कागदावर तापमान सत्तावीस अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं. तिला वीसच्या वर गेलेलं खपत नसे. अ‍ॅडलेडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. मग पिंपाला ओले टॉवेल गुंडाळायचे, समोर पंखा लावायचा आणि टॉवेल वाळले की पुन्हा भिजवायचे. हे काम माझ्याकडे आलं. ती घरी नसली तरी मागच्या दाराने आत जाऊन मी टॉवेल बदलत असे. परक्या देशात कुणाच्या तरी घराची किल्ली आपल्याकडे असणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे नव्याने आलेल्या माणसालाच कळेल.

मग हायड्रोमीटर. उंच नळकांड्यात थोडी बिअर काढायची, काचेची कांडी सोडायची, तिला हळूच गिरकी देऊन फेस झटकायचा आणि डोळा पातळीवर आणून आकडा वाचायचा. सुरुवातीला १.०४०च्या आसपास असतो. यीस्ट साखर खात जातं तसा तो १.०१०च्या जवळ येतो. सलग दोन दिवस तोच आकडा आल्याशिवाय ती बाटल्या भरू देत नसे. साखर शिल्लक राहिली तर बंद बाटलीत वायू वाढत जातो आणि काच फुटते. तिच्या डोळ्यांना बारीक रेघा दिसत नव्हत्या. मी वाचायची, ती वहीत मोठ्या अक्षरात लिहायची. मी सांगितलेला आकडा तिने कधी पुन्हा तपासून घेतला नाही.

पुडीतलं यीस्ट मात्र ती वापरत नसे. अ‍ॅडलेडच्या कूपर्स कारखान्याची एल बाटलीतच मुरते, म्हणून तळाशी जिवंत यीस्टचा गाळ असतो. ही बिअर टॉमस कूपर या चांभाराने १८६२मध्ये आजारी बायकोसाठी पहिल्यांदा केली, अशी गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. उकळून गार केलेल्या पातळ माल्टच्या पाण्यात मावशी दोन-तीन बाटल्यांचा तो गाळ सोडायची. एक-दोन दिवसांत फेस यायचा. पुढे प्रत्येक पिंपाच्या तळातून बरणीभर काढून फ्रिजमध्ये ठेवायची, पुढच्या खेपेसाठी. ते विरजणच होतं. मला समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिला माझं दह्याचं विरजण वाटीत नेऊन दिलं, आणि ती घरी दही लावू लागली.

पुढे मला नोकरी लागली. मुलाखतीत इथल्या कामाचा अनुभव विचारला, तेव्हा मी मावशीच्या वहीबद्दल, नोंदींबद्दल, स्वच्छतेच्या तिच्या शिस्तीबद्दल बोलले. रसायनांच्या प्रयोगशाळेतली जागा होती ती. माझी डिग्री त्यांच्यासमोर कागदावर होतीच. बोलायचं बळ मात्र त्या धुण्याच्या खोलीतून आलं. नोकरी देणाऱ्यांचे मी आभार मानले. तिचे मानायला गेले, तर तिने उरलेल्या बाटल्या पुढे सरकवल्या.

आता ती वृद्धांच्या निवासात राहते. पिंप, वही आणि बरणी माझ्याकडे आहे. मुरलेल्या बाटल्या घेऊन मी जाते. ती ग्लास उजेडाकडे धरते, नाकाशी नेते. मागच्या खेपेला म्हणाली, "केळ्याचा वास येतोय. दोन-तीन अंश वर गेलं होतं ना?" गेलं होतं. मग म्हणाली, समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला गडद बिअर आवडते, पुढच्या वेळी त्याच्यासाठी कर. म्हणून या शनिवारी स्टाउटचा डबा आणलाय.