वजनाचा जमाखर्च : घरी बांधायच्या लहान कॅम्पर ट्रेलरचे नियोजन

मोटारीच्या मागे जोडून नेता येईल, आत दोन माणसे आरामात झोपतील आणि मागचे झाकण उचलताच स्वयंपाकाचा ओटा समोर येईल, अशा थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरला अमेरिकेत ‘टीअरड्रॉप’ म्हणतात. १९३०च्या दशकातील मंदीच्या काळात हा प्रकार तेथे रुजला. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने तो घरी बांधण्याचे आराखडे छापले, आणि युद्धानंतर शिलकीतून बाजारात आलेले ॲल्युमिनियमचे पत्रे हौशी बांधणाऱ्यांच्या पथ्यावर पडले. पुढे महामार्ग रुंदावले, मोटारींची ताकद वाढली, मोठे ट्रेलर आले आणि हा छोटा प्रकार मागे पडला. अलीकडच्या काळात मात्र कमी खर्चात भटकंती करू पाहणाऱ्यांनी तो पुन्हा हाती घेतला आहे.

घरी ट्रेलर बांधायला निघालेला माणूस बहुधा पैशांच्या रकान्यापासून अंदाजपत्रकाला सुरुवात करतो. वास्तविक या कामात पहिला रकाना वजनाचा असावा लागतो. ट्रेलरच्या वजनावरून अॅक्सल कोणता, टायर कोणते, ब्रेक लागतील की नाही आणि मुळात हाताशी असलेली मोटार पुरेल की नाही, हे ठरत असल्यामुळे वाचवलेला प्रत्येक किलो पुढे पैसेही वाचवतो. उलट केवळ पैसे वाचवण्यासाठी घेतलेला जाड पत्रा किंवा जड लाकूड पुढच्या प्रत्येक टप्प्यावर खर्च वाढवीत जाते.

म्हणून नियोजनाचा आरंभ मोटारीच्या पुस्तिकेपासून होतो. अमेरिकेतील अनेक लहान गाड्यांची ओढक्षमता, म्हणजे उत्पादकाने ओढण्यास मुभा दिलेले कमाल वजन, १,५०० पौंड म्हणजे सुमारे ६८० किलो असते, तर काही गाड्यांना उत्पादक ओढण्याची परवानगीच देत नाही. हा आकडा सामानासह भरलेल्या ट्रेलरचा असतो, रिकाम्या सांगाड्याचा नव्हे. शिवाय चढ, ऊन आणि गाडीतील माणसे यांचा भार लक्षात घेता त्यातील चौथा हिस्सा राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. तेथील अनेक राज्यांत ३,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेकची सक्ती नाही, त्यामुळे या आकाराच्या ट्रेलरचा तो खर्च टळतो. परंतु मग सारे वजन मोटारीच्याच ब्रेकने थांबवायचे असते, हेही विसरता येत नाही.

आकार ठरवताना प्लायवूडचा तख्ता हेच माप मानावे लागते. अमेरिकेत तो चार फूट बाय आठ फुटांचा मिळतो आणि टीअरड्रॉपचे परंपरागत मापही नेमके तेच आहे, कारण एका तख्त्यात जमीन आणि एकेका तख्त्यात दोन्ही बाजू बसतात व कापून टाकायचे तुकडे फारसे उरत नाहीत. चार फुटांत दोन प्रौढांना खांद्याला खांदा लावून झोपावे लागते, म्हणून पाच फुटी रुंदीचा मोह होतो. पण रुंदी वाढली की जमिनीला व छताला सांधे येतात, प्रत्येक सांध्यामागे एक आडवी पट्टी येते, आणि एका फुटाची ऐसपैस जागा वजन व खर्च या दोन्ही रकान्यांत उमटते. बांधकामासाठी तयार मिळणारा घडी होणारा मालवाहू ट्रेलर विकत घ्यावा की लोखंड जोडून सांगाडा स्वतः करावा, या प्रश्नाचे उत्तरही बहुधा पहिल्याच्या बाजूने जाते, कारण त्यासोबत दिवे, कपलर (म्हणजे मोटारीला अडकवायची जोडणी) आणि मुख्य म्हणजे नोंदणीची कागदपत्रे येतात.

नियोजनातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तोल. ट्रेलरची पुढची दांडी मोटारीच्या मागे जोडणीसाठी बसवलेल्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जो भार टाकते त्याला दांडीभार म्हणता येईल. तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. बैलगाडी धुरजड झाली तर बैलांच्या मानेवर बोजा येतो आणि उलाळ झाली तर जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच आहे, फक्त येथे उलाळ झालेला ट्रेलर वेगात असताना डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ते झोके कधी कधी चालकाच्या आवाक्याबाहेर जातात.

हा तोल बांधण्यापूर्वी कागदावर काढता येतो. बॉलपासून खोक्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत एक मीटरची दांडी आणि त्यामागे २.४ मीटरचे खोके आहे, असे समजू. बॉलपासूनची अंतरे धरून सांगाडा १४० किलो दोन मीटरवर, खोके १८० किलो २.२ मीटरवर, अंथरूण २५ किलो व कपडे २० किलो दोन मीटरवर, स्वयंपाकाचे सामान ४५ किलो व पाणी २० किलो मागच्या ओट्याजवळ ३.१ मीटरवर, आणि बॅटरी तिच्या पेटीसह २० किलो दांडीवर ०.९ मीटरवर, अशी मांडणी केली, तर एकूण वजन ४५० किलो होते. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून आलेल्या बेरजेला ४५० ने भागले की गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येईल तो बिंदू, बॉलपासून २.१९ मीटरवर येतो. अॅक्सल २.५ मीटरवर बसवला तर दांडीभार सुमारे ५६ किलो, म्हणजे १२ टक्क्यांहून थोडा अधिक राहतो.

आता या मांडणीत मागच्या बाजूला, ३.६ मीटरवर, दोन सायकली आणि त्यांची चौकट मिळून ४० किलो टांगले, तर दांडीभार सुमारे ३८ किलोंवर येतो आणि एकूण ४९० किलोंच्या मानाने तो आठ टक्क्यांच्याही आत जातो. म्हणजे ओढक्षमतेत सहज बसणारा ट्रेलर केवळ सामानाच्या जागेमुळे धोक्याचा ठरतो. उलट सायकली नसलेल्या मूळ मांडणीत पाण्याचा डबा मागून काढून पुढच्या भिंतीलगत आणला, तर तेवढ्या एकाच बदलाने दांडीभार १६ किलोंनी वाढून संकेताची वरची मर्यादा ओलांडतो. अॅक्सल एकदा बसवला की सहसा हलवता येत नाही, म्हणून हे गणित करवत हाती घेण्याआधीच सोडवायचे असते.

भिंतीच्या रचनेतही वजनाचा रकानाच निर्णय देतो. १८ मिलिमीटर जाडीचा अखंड प्लायवूड तख्ता सुमारे ३२ किलो भरतो. त्याऐवजी पाच मिलिमीटरच्या दोन पातळ तख्त्यांमध्ये बारीक लाकडी चौकट आणि २५ मिलिमीटरचा कडक फोम भरला, तर तेवढीच भिंत पाव भागाहून अधिक हलकी होते आणि थंडी-उष्णता रोखण्यात अनेक पटींनी सरस ठरते. बाहेरच्या आवरणासाठी ॲल्युमिनियम टिकाऊ असले तरी ते उन्हात पसरते. तीन मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकात सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढतो, म्हणून तो लाकडाला पूर्ण चिकटवून टाकला तर फुगतो; त्याला कडेच्या पट्ट्यांखाली किंचित सरकायला वाव द्यावा लागतो. याहून स्वस्त मार्गाला अमेरिकेतील हौशी मंडळी ‘गरिबांचे फायबरग्लास’ म्हणतात. त्यात जाडे सुती कापड पाण्याला दाद न देणाऱ्या लाकडाच्या गोंदात भिजवून भिंतीवर ताणून बसवतात आणि वरून घराबाहेरच्या रंगाचे हात देतात.

लाकडी खोक्याचा खरा शत्रू पाणी, आणि ते सपाट जागेतून नव्हे तर कडांतून शिरते. त्यामुळे प्रत्येक कडपट्टीखाली न वाळणारी ब्युटिलची फीत, जमिनीच्या खालच्या बाजूला डांबरी लेप आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचा हात, या गोष्टींत हात आखडून चालत नाही. दोन माणसांच्या श्वासा-घामातून एका रात्रीत अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ बाहेर पडते. ती बाहेर काढण्यासाठी छताला पंखा आणि खाली हवा येण्याची फट, अशी जोडी लागते. पेटती शेगडी आत आणण्याचा विचार मात्र पावसातही करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड गंधहीन असतो.

विजेचा हिशेबही असाच उलट बाजूने, म्हणजे गरजेकडून, करावा. बारा व्होल्टचा पंखा हळू वेगावर दोन अँपिअर घेत आठ तास चालला तर १६ अँपिअर-तास, दिव्यांना तीन, दोन फोनना तितकेच, असे रात्रीचे सुमारे २२ अँपिअर-तास होतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, त्यामुळे ५० ते ६० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. त्याहून मोठी घेणे म्हणजे दांडीवर विनाकारण ओझे लादणे.

पैशांचा रकाना येथे उघडावा. टायर, चाकांचे बेअरिंग, कपलर, सुरक्षा-साखळ्या आणि मागचे दिवे नवेच घ्यावेत. दारे, खिडक्या, शेगडी, गादी मात्र जुन्या बाजारातून खुशाल घ्यावीत, फक्त खिडकी प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नये. कडपट्ट्या, स्टेनलेस स्क्रू, चिकटफिती, तारा अशा किरकोळ खर्चाला वेगळी तरतूद नसेल, तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

अनेक अमेरिकी राज्ये स्वतः बांधलेल्या ट्रेलरला तपासणीनंतर ओळख क्रमांक देतात, म्हणून साहित्याच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. तेथे राहणाऱ्या मराठी माणसाला ही वाट मोकळी आहे. भारतात मात्र ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नोंदणीकृत वाहनाच्या रचनेतील बदलांवर निर्बंध घालते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले तरी घरगुती बांधणीसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी केल्याशिवाय लाकूड आणू नये.

आराखडा पूर्ण झाला असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा ट्रेलरमधल्या प्रत्येक वस्तूसमोर वजन, बॉलपासूनचे अंतर आणि किंमत हे तीनही आकडे लिहिलेले असतात. बांधून झाल्यावर सामान भरून कपलरखाली घरातील वजनकाटा ठेवावा. भार काट्याच्या क्षमतेबाहेर असेल, तर एका टोकाला वीट व दुसऱ्या टोकाला काटा ठेवून त्यांवर तीन फुटांची फळी टाकावी, विटेपासून एक फुटावर कपलर टेकवावा आणि काट्यावरील आकड्याची तिप्पट करावी. कागदावरचा आणि काट्यावरचा आकडा यांत तफावत दिसली, तर सामानाची जागा बदलून ती दूर करावी. आणि प्रत्येक सहलीला सामान बदलत असल्याने ही मोजणी प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी नव्याने करावी.