राहून गेलेली शक्यता

विम्याचे नियम लिहिण्यासाठी केलेली एक छोटी भाषा पुण्यातल्या आमच्या ऑफिसात काही वर्षं वापरात होती. दावा आला की तो कोणाकडे जायचा, रक्कम किती, पत्र कोणतं जायचं, हे सगळं त्या भाषेत लिहिलेलं असे. नियम लिहायला वेगळी टीम होती. कंपायलर आम्ही तिघं सांभाळायचो.

एकदा एका पॉलिसीधारकांना दावा नामंजूर झाल्याचं पत्र गेलं. खरं तर त्यांचा दावा अंशतः मंजूर झाला होता. 'अंशतः मंजूर' हा प्रकार यादीत नुकताच आला होता, आणि इफ-एल्सच्या जुन्या शिडीत त्याची पायरीच नव्हती. तो थेट तळाच्या एल्समध्ये जाऊन पडला, आणि तिथे नामंजुरीचं पत्र होतं. चूक सापडायला वेळ लागला नाही, दुरुस्तीलाही नाही. पण त्या गृहस्थांनी फोन केला तेव्हा ते हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीपाशी उभे होते, हे मला नंतर कळलं. ते माझ्या मनातून गेलं नाही. प्रकारांची यादी कंपायलरकडे होती, शिडीही त्याच्यासमोरच होती. दोन्ही ताडून पाहायला आम्ही त्याला शिकवलं नव्हतं.

म्हणून मी भाषेत पॅटर्न मॅचिंग घालायचं ठरवलं. 'मॅच' म्हणायचं, खाली एकेक आकार मांडायचा: नवा; मंजूर, आत रक्कम; अंशतः मंजूर, आत प्रमाण आणि कारण; नामंजूर, आत कारण. आकार जुळला की आतल्या गोष्टींना तिथल्या तिथे नावं मिळतात. यात माझी नवी कल्पना काहीच नव्हती. एडिंबराच्या 'होप' या भाषेत 1980 च्या सुमाराला हे होतं. पुढे एमएल आणि हॅस्केलच्या घराण्यात ते रुजलं. रोजच्या धंद्यातल्या भाषांकडे यायला त्याला बराच काळ लागला. पायथॉनमध्ये ते 2021 साली 3.10 या आवृत्तीत आलं, आणि जावाच्या स्विचमध्ये पक्कं झालं ते 2023 साली, जावा 21 मध्ये.

पार्सरचं काम लवकर उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं काम होतं ते 'काय राहिलं' हे शोधण्याचं. इथे मला ल्यूक मारांजे या फ्रेंच संशोधकाचा 2007 चा निबंध उपयोगी पडला. त्यांनी सगळा प्रश्न एका वाक्यात आणून ठेवला आहे: वरच्या कुठल्याच ओळीत न बसणारी, पण या ओळीत बसणारी एखादी तरी किंमत आहे का? नसेल तर ही ओळ फुकट आहे. आणि सगळ्या ओळींच्या खाली 'काहीही चालेल' अशी एक काल्पनिक ओळ ठेवून हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर 'आहे' असं आलं, तर काहीतरी राहून गेलं आहे.

मी ते आधी वहीवर केलं. दोन रकाने, दोन्हींत खरं किंवा खोटं. पहिली ओळ: (खरं, काहीही). दुसरी: (काहीही, खोटं). नुसतं बघून सगळं झाल्यासारखं वाटतं. आता पहिला रकाना 'खरं' धरा. दोन्ही ओळी टिकतात, त्यातली पहिली सगळंच घेते, काही उरत नाही. मग पहिला रकाना 'खोटं' धरा. पहिली ओळ गळते, दुसरीत फक्त 'खोटं' शिल्लक राहतं. म्हणजे 'खरं' कोणी घेतलेलं नाही. आलेल्या वाटेने मागे जायचं आणि काढून ठेवलेला रकाना पुन्हा जोडायचा: (खोटं, खरं). राहिलेली शक्यता नावानिशी हातात येते. 'काहीतरी चुकलंय' एवढंच न सांगता 'हे राहिलंय' असं बोट ठेवणारं गणित मी त्याआधी कंपायलरच्या कामात पाहिलं नव्हतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

याच प्रश्नाने आणखी एक गोष्ट पकडून दिली. पॅटर्नमध्ये एकाने प्रकाराच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं. तसं नाव कुठल्याच प्रकाराचं नाही म्हटल्यावर कंपायलरने त्याला नवं व्हेरिएबल समजलं, आणि व्हेरिएबल काहीही स्वीकारतं. पण खालच्या सगळ्या ओळी 'इथे कधीच पोचणार नाही' म्हणून लाल झाल्या. स्पेलिंगसाठी मी एक ओळही लिहिली नव्हती.

चूक माझ्याकडून झाली ती गार्डमध्ये. गार्ड म्हणजे पॅटर्नच्या पुढे जोडलेली अट. अट असलेली ओळही मी पूर्ण ओळ म्हणून मोजली. टेस्ट पास झाल्या, कंपायलरने 'सगळं आलं' म्हणून सांगितलं, आणि चालवताना एक दावा कुठल्याच ओळीत न बसता प्रोग्राम बंद पडला. सुदैवाने हे चाचणीच्या मशीनवर झालं. दुरुस्ती सोपी होती: गार्ड असलेली ओळ फुकट आहे का हे बघायचं, पण तिने काही व्यापलं असं धरायचं नाही. अट खरी ठरेल की खोटी, हे कंपायलरला माहीत नसतं.

ते नियम-टीमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना पटेना. त्यांनी अंशतः मंजूरच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, प्रमाण अर्धं किंवा जास्त, आणि अर्ध्यापेक्षा कमी. "अहो मॅडम, जास्त झालं, कमी झालं. आता राहिलं काय?" मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रमाण म्हणजे मंजूर रक्कम भागिले बिल. बिल रद्द झालं, रक्कमही शून्य, तर? शून्य भागिले शून्य. फ्लोटिंग पॉइंटमध्ये त्याचं उत्तर 'ही संख्याच नाही' अशी एक खास किंमत असते. ती अर्ध्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही, बरोबरही नाही. आम्ही ते चालवून पाहिलं. दोन्ही अटी खोट्या आल्या. ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग त्यांनी स्वतःच शून्य बिलासाठी वेगळी ओळ सर्वांत वर घातली, आणि शेवटच्या ओळीची अट काढून टाकली.

बाइटकोडचा भागही त्रासाचा गेला. निर्णयाचं झाड केलं की एकच ओळ अनेक फांद्यांत जाते, आणि प्रत्येक फांदीत तिचा सगळा मजकूर पुन्हा छापला जात होता. मजकूर एकदाच ठेवून तिथे उडी मारायची असं केल्यावर ते आटोक्यात आलं. झाड काही वेळा तरीही मोठं होतं. त्यावर पूर्ण उपाय नाही.

रिलीजनंतर काही महिन्यांनी 'स्थगित' हा नवा प्रकार आला. तो यादीत घालून कंपाइल केलं आणि सात ठिकाणी एरर आली, प्रत्येकीत तेच: 'राहिलं: स्थगित(_)'. टीमने एकेक ठिकाण उघडलं आणि तिथे काय करायचं ते ठरवलं.

मला मात्र आठवं ठिकाण माहीत होतं. पत्रांची ती जुनी फाइल. तिचं मॅचमध्ये रूपांतर करताना कोणीतरी शेवटी अंडरस्कोअर टाकून ठेवला होता, 'बाकी काहीही', आणि पुढे नामंजुरीचं पत्र. भाषेच्या नियमाने ते बरोबरच होतं, त्यामुळे कंपायलर तिथे काही बोलला नाही. मी ती ओळ काढली आणि पुन्हा कंपाइल केलं. राहिलेल्या शक्यतांची यादी आली: नवा, नामंजूर, स्थगित. नियम-टीमच्या त्या सहकाऱ्यांना हाक मारली, आणि प्रत्येकीपुढे कोणतं पत्र जायचं ते आम्ही दोघांनी बसून लिहिलं.