यार्देनेकाठून ताईला

मादबा, ८ जानेवारी, रात्री

प्रिय ताई,

पोचल्याचा निरोप मिळाला असेलच. दोन स्वेटर, दोन पायमोजे आणि पपांचा मफलर घालून रजईत बसून लिहितेय, तरी बोटं आखडतात. वाळवंट म्हणून उन्हाची टोपी आणली आणि शाल घरी राहिली. हीटर रात्री दहाला बंद करतात. फरशी इतकी गार की न्हाणीघरात पाय टाकवत नाही.

जेवणाचं तू विचारशीलच. सकाळी लबने असतं. आपला चक्काच, पण मीठ घातलेला, वरून ऑलिव्हचं तेल. बरोबर झातर नावाची तीळ घातलेली आंबटसर पूड आणि गरम खुब्ज. पोट भरतं, पण जीव भाकरीकडे लागलाय. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी निम्मी विमानातच संपली, उरलेली पुरवून खातेय. चहाचा पेला एक दिनार, म्हणजे आपले शंभराच्या वर.

पेट्रा झालं. भव्य आहे, पाय सुजले.

आज इथल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये जमिनीवरचा नकाशा पाहिला, सहाव्या शतकातला, रंगीत दगडी तुकड्यांचा. यार्देन मृत समुद्राला मिळते तिथे एक मासा खाऱ्या पाण्याकडे पाठ करून उलटा पोहत निघालाय. त्याच्यापाशी मी किती वेळ उभी होते! नदीच्या दोन्ही काठांवर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या खुणा आहेत: पश्चिमेला बेथाबरा, पूर्वेला एनोन. शुभवर्तमानात यार्देनेपलीकडची बेथानी लिहिलीय, पण तिसऱ्या शतकात ओरिगेनला त्या नावाचं गाव इथे सापडेना, म्हणून त्याने बेथाबरा हे नाव धरलं. बाप्तिस्म्याच्या जागेबद्दलचा वादही इतका जुना आहे.

बाळाच्या बाप्तिस्म्यावरून व्याह्यांचा परत फोन आला का? पपांसमोर बोलू नकोस. त्यांना रात्रभर झोप लागत नाही मग.

तुझी धाकटी

बसमधून, ९ जानेवारी

ताई,

अक्षर वाकडंतिकडं येईल, रस्ता घाटाचा आहे.

यार्देन पाहिली. सांगताना वाईट वाटतं, आपल्या गावाकडचा ओढा पावसाळ्यात हिच्यापेक्षा मोठा असतो. वरच्या बाजूला आसपासच्या तीन देशांनी पाणी वळवून घेतलंय. राहिलंय ते मातकट, कंबरभर. समोरचा काठ हाकेच्याही अलीकडे. तिकडे पांढरे झगे घातलेले यात्रेकरू पाण्यात बुड्या घेत होते, इकडे आम्ही, आणि दोन्हीकडे बंदूकवाले शिपाई. १९६७ च्या युद्धानंतर हा सगळा पट्टा लष्कराकडे होता, सुरुंग पेरलेले होते. १९९४ च्या तहानंतर या काठावर खोदकाम झालं आणि चर्चांचे पाये, पाण्याच्या कुंडांच्या पायऱ्या वर आल्या. २०१५ मध्ये युनेस्कोने या जागेला, अल-मगतसला, जागतिक वारसा म्हटलं.

बायबलमधला नामान सेनापती या नदीवर का चिडला ते आज कळलं. दमास्कसच्या स्वच्छ नद्या सोडून या गढूळ पाण्यात सात बुड्या मारायच्या! पण हीच नदी यहोशवा ओलांडून आला आणि हिच्याच पलीकडून एलीया वर घेतला गेला. योहानाने जागा सहज निवडली नव्हती. उंटाच्या केसांचं वस्त्र नेसून त्याने लोकांना परत त्याच उंबरठ्यावर आणून उभं केलं: पुन्हा आत या, या वेळी मनं बदलून.

कॉन्स्टंटाइन बादशहाची इच्छा होती, बाप्तिस्मा यार्देनेत घ्यायची. जमलं नाही. ३३७ मध्ये शेवटच्या आजारपणात, इथून कितीतरी दूर, त्याने तो घेतला. ते ऐकताना मला पपा दिसत होते, खिडकीशी बसलेले. त्यांची बाटली नदीच्या पाण्याने भरून घेतलीय.

यरुशलेम, १२ जानेवारी

प्रिय ताई,

सीमेवरच्या खिडकीत साडेतीन तास गेले. आतल्या माणसाने माझा पासपोर्ट तीनदा उलटापालटा केला, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव विचारलं, आणि पपांची टिपणांची निळी वही उघडून एकेक पान असं झटकलं की शिवण उसवली. मी हात पुढे केला तर ओरडला. पन्नाशीच्या बाईवर असं कुणी ओरडतं? संध्याकाळपर्यंत रडू येत होतं. वही आता रुमालात बांधून ठेवलीय.

पवित्र कबरेचं चर्च पाहिलं, फार गर्दी. पण मंदिराच्या दक्षिण पायऱ्यांपाशी मी एकटीच मागे राहिले. तिथे खडकात कोरलेली कुंडं आहेत, यहुदी लोकांची मिक्वे. वर जाण्याआधी भाविक यात उतरून शुद्ध होत. काहींच्या पायऱ्यांच्या मधून बुटकी आड घातलीय: एका बाजूने अशुद्ध उतरायचं, दुसऱ्या बाजूने शुद्ध होऊन चढायचं. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला असं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं. नदी नसलेल्या या डोंगरावर तो कुठे झाला असेल, हा लहानपणचा प्रश्न इथे सुटल्यासारखा वाटला.

वाटेत कुमरानलाही अशीच कुंडं होती. तिथे सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांमधला नियम सांगतो की मन वळलं नसेल तर कितीही पाणी घेतलंत तरी शुद्धी नाही. म्हणजे योहान हवेतून आला नाही. पण मिक्वेत माणूस आपला आपण उतरतो, आणि पुन्हापुन्हा उतरतो. योहान दुसऱ्याला हाताने पाण्यात घेत होता. हे इतकं नवं होतं की ते त्याचं नावच होऊन बसलं.

ताई, मला व्याह्यांच्या बाजूने एक कबूल करायचंय. कुंडं माणूसभर खोल आहेत. बाप्तिस्म्यासाठीच्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही बुडवणं. ओंजळीएवढ्या पाण्याने वाढलेल्या आपल्याला हे मान्य करायला हवं.

आणि इथेच एगेरिया आठवली. ३८१ ते ३८४ च्या सुमारास पश्चिम युरोपातून इथे आलेली बाई, घरच्या भगिनींना पत्रं लिहायची. ती लिहिते की चाळिशीच्या उपासाआधी नावं नोंदवायची, मग बिशप शेजाऱ्यांना विचारायचे: हा आईबापांचा मान राखतो का? दारू पितो का? दोष निघाला तर आधी सुधारून ये. मग रोज तीन-तीन तास शिकवण. बिशप ग्रीकमध्ये बोलत, सिरियाकमध्ये भाषांतर होई, आणि लॅटिनवाल्यांना कुणी ना कुणी समजावून सांगे. नवे बाप्तिस्मा घेतलेले इतक्या आनंदाने दाद देत की बाहेर दूरवर ऐकू जाई. थंडीने कुडकुडत त्याच शहरातून मी तुला लिहितेय.

विमानतळ, १५ जानेवारी, पहाटे

ताई,

उशीर आहे अजून, म्हणून हे.

वही शिवायला घेतली तेव्हा उसवलेल्या पानावर पपांच्या अक्षरात एक उतारा सापडला, दिदाखेतला. पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या आरंभीचं हे पुस्तक, हस्तलिखित १८७३ मध्ये सापडलं. त्यात लिहिलंय की वाहतं पाणी घ्या. नसेल तर दुसरं. थंड जमत नसेल तर ऊन. दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. मात्र आधी उपास करा, देणाऱ्यानेसुद्धा. पाण्यात इतकी मोकळीक, तयारीत नाही.

बाळांचंही तसंच. कार्थेजमध्ये तेर्तुलियन सन २०० च्या सुमारास म्हणतो, लेकरांची घाई नको. त्याच शहरात २५३ च्या सुमारास सिप्रियन आणि ६६ बिशप म्हणतात, आठ दिवससुद्धा थांबू नका. एका गावात पन्नास वर्षांत दोन्ही मतं, आणि मंडळी टिकली. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बालबाप्तिस्मावाले आणि बॅप्टिस्ट एका मंडळीत आले, दोन्ही रीती मान्य करून. पपा तेव्हा तिथे होते. त्यांना आठवण करून दे.

व्याह्यांना तूच फोन कर. म्हणावं, ईस्टरला बाळाचा बाप्तिस्मा पपांच्या हाताने होऊ द्या, आणि उभं राहून प्रश्न तुम्ही विचारा. बाळाला विचारता येणार नाही, आम्हाला विचारा, एगेरियाच्या शेजाऱ्यांना विचारत तसे: या घरात हा कसा वाढेल? त्यांना हे पटलं नाही, तर आपण थांबू. पपांना मी समजावेन.

आणि बाटलीतलं पाणी बाळाच्या कपाळाला लावू नका. नदीत शेतांचं आणि गटारांचं पाणी येतं. ती पपांच्या उशाशी ठेवू. बाप्तिस्म्याला नळाला येतं ते मुळा धरणाचंच घ्यायचं. आणि पहाटेची उपासना असेल तर थोडं कोमट कर.

गाडी पाठवू नकोस, मी एसटीने येईन.

तुझी धाकटी